मुंगेरीलालचं नशीब



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १३ ते १५.

सोळावा अध्याय वाचताना आपण सगळेच एक गंमत करतो. दैवी संपत्तीची यादी आली की त्यात स्वतःला शोधतो, आणि आसुरी संपत्तीची यादी आली की ऑफिसातला कुणीतरी आठवतो. नाही का? पण या तीन श्लोकांशी पोचलो की ही सोय राहत नाही. इथे यादी थांबते आणि एक माणूस मनातल्या मनात बोलायला लागतो. आज काय पदरात पडलं ते तो मोजतो, उद्या काय पडणार ते ठरवतो. एका शत्रूचा निकाल लागला, आता बाकीच्यांचा लावायचा, हे त्याचं पक्कं आहे. मग तो स्वतःकडे वळतो. आपण बलवान, आपण सुखी, आपण मोठ्या घराण्यातले, आपल्या तोडीचा आहे कोण? आणि शेवटी, या सगळ्या भरात, यज्ञ करायचं आणि दानधर्म करायचंही तो ठरवून टाकतो.

व्याख्यानांत या श्लोकांचं चित्र बहुधा मोठ्या मिशांच्या राक्षसाचं असतं. मला मात्र इथे दरवेळी एक किरकोळ अंगाचा, साधासुधा, कुणी फारसं विचारत नाही असा माणूस दिसतो. दूरदर्शनवरचा मुंगेरीलाल.

'मुंगेरीलाल के हसीन सपने' ही मालिका १९८९-९० च्या सुमारास दूरदर्शनवर लागायची. आपल्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी ती पाहिली ती खूप नंतर, इंटरनेटवर, धुरकट प्रिंटमध्ये. पण मुंगेरीलाल मला त्याआधीच माहीत होता, कारण आमच्या घरात तो विशेषनामाचं क्रियापद होऊन बसला होता. गणिताचं पुस्तक पुढ्यात ठेवून मी खिडकीबाहेर बघत बसलो की बाबा म्हणायचे, "काय, मुंगेरीलाल चाललाय का?" तुमच्याही घरात कुणीतरी म्हणत असेल. निवडणुका आल्या की एका पक्षाचा नेता दुसऱ्याच्या जागांच्या दाव्याला हेच नाव देतो. मालिका थोडक्यात संपली, पण नाव भाषेत राहिलं. हिंदीतच नव्हे, मराठीतही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिग्दर्शक प्रकाश झा. तेच, ज्यांनी त्याआधी १९८५ मध्ये 'दामुल' केला होता, बिहारच्या खेड्यातल्या वेठबिगारीवरचा सुन्न करणारा चित्रपट. लेखक मनोहर श्याम जोशी, 'हम लोग' आणि 'बुनियाद'चे. आणि मुंगेरीलालच्या भूमिकेत रघुवीर यादव. 'पंचायत' पाहणाऱ्यांना वेगळी ओळख करून द्यायला नको, फुलेराचे प्रधानजी तेच. एवढी वजनदार माणसं एकत्र आली आणि त्यांनी केलं काय, तर रोजच्या जगण्यात हरवून जाणाऱ्या एका सामान्य माणसाची विनोदी मालिका.

तिचं गणित साधं होतं. मुंगेरीलालचं आयुष्य बेताचं. घरात त्याचं फारसं चालत नाही, बाहेर तर नाहीच. काहीतरी बारीकसं घडतं, आणि तिथून तो निघतो. स्वप्नात तो कुणीतरी मोठा असतो. लोक त्याच्याकडे मान वर करून बघतात, तो बोलतो आणि सगळे ऐकतात. हे सगळं रंगात आलेलं असताना कुणीतरी हाक मारतं किंवा हलवतं, आणि मुंगेरीलाल धाडकन जमिनीवर. पुन्हा तेच घर, तीच कामं, तीच माणसं.

आजच्या मानाने त्यातली जादू फार गरीब वाटेल. संगणकावरची करामत नाही. कपडे बदलले, आवाज बदलला की झालं स्वप्न. सगळी मदार रघुवीर यादवांच्या चेहऱ्यावर. पण त्यामुळेच एक गोष्ट अशी काही ठसते, की हजार कोटींच्या सिनेमातही ठसणार नाही : स्वप्नात राजा झालेला माणूस आणि जागेपणी बोलणी खाणारा माणूस यांचा चेहरा एकच आहे. स्वप्न बाहेरून आलेलं नाही. ते याच अंगातून, याच दिवसातून उगवलेलं आहे.

या कल्पनेचं मूळ नातं बऱ्याचदा जेम्स थर्बर या अमेरिकन लेखकाच्या 'द सीक्रेट लाइफ ऑफ वॉल्टर मिटी' या कथेशी जोडलं जातं. १९३९ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये आलेली ही छोटीशी कथा. मिटी बायकोला गाडीतून गावात घेऊन चाललाय. वाटेत तो वादळात नौदलाचं विमान चालवतो, अवघड शस्त्रक्रिया करतो, कोर्टात नेमबाज म्हणून उभा राहतो, आणि मधूनमधून बायको त्याला ओव्हरशूज घ्यायला आणि कुत्र्याची बिस्किटं आणायला पाठवते. पण आपल्याकडे ही कल्पना परकी वाटत नाही, कारण आपल्याकडे ती फार जुनी आहे. पंचतंत्रात सातूच्या पिठाचं मडकं खुंटीला टांगून खाली झोपलेला ब्राह्मण आहे. पीठ विकून शेळ्या, शेळ्यांतून गाई, गाईंतून घोडे, मग घर, बायको, मुलगा. आणि मनातल्या बायकोला रागाने लाथ मारायला गेला, ती लागली खऱ्या मडक्याला. शेखचिल्ली आहे. आणि मराठीने तर याला जेवणाच्या पंगतीला बसवलंय : मनातले मांडे. खायचेच तर मनातल्या मांड्यांना तूप तरी कमी का घ्या?

आता खरा प्रश्न. यात वाईट काय आहे?

गंभीरपणे विचारतोय. मुंगेरीलालने कुणाचं काय बिघडवलं? एक माणूस दिवसभर खालमानेने जगतो. त्याला दहा मिनिटं मान वर करायला मिळते, तीही स्वतःच्या डोक्यात, स्वतःच्या खर्चाने. हे त्याच्याकडून काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार? आणि देव तरी त्यावर का रागवेल? मग गीतेने हाच आतला संवाद उचलून थेट आसुरी अध्यायात का ठेवला?

हाच प्रश्न विद्यारण्यस्वामींच्या 'पंचदशी'त अगदी याच रोखाने येतो. चौथं प्रकरण, द्वैतविवेक. तिथला शंका घेणारा म्हणतो, काम-क्रोध सोडायला हवेत हे पटलं, पण नुसत्या मनोराज्याने काय नुकसान? आणि उत्तर असं येतं की सगळ्या दोषांचं बी तिथेच आहे. मग गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली ती प्रसिद्ध साखळी पुढे केली जाते : विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून कामना, क्रोध, मोह, आणि शेवटी बुद्धीचा नाश. म्हणजे पहिली पायरी हात लावण्याची नाही, घोळवत बसण्याची आहे.

त्याच प्रकरणात एक उदाहरण आहे, जे मला कधीच सोडत नाही. एका माणसाचा मुलगा दूरदेशी आहे, सुखरूप आहे. एक खोटारडा येऊन सांगतो, तुमचा मुलगा गेला. बाप हंबरडा फोडतो. आणि उलट, मुलगा खरोखरच गेला असेल पण बातमी आली नसेल, तर बाप आनंदात जेवतो. म्हणजे आपण रडतो-हसतो ते जगातल्या मुलामुळे नाही, मनातल्या मुलामुळे. विद्यारण्य याला जीवाने निर्माण केलेलं द्वैत म्हणतात. ईश्वराने केलेलं जग वेगळं, आणि आपण त्यावर चढवलेलं जग वेगळं. बांधतं ते दुसरं.

आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक टीमकडे एक टेस्ट सर्व्हर असतो. तिथे खोटे ग्राहक, खोटे पैसे. तिथे वाट्टेल ते करून बघा, त्यासाठीच तो आहे. गडबड तेव्हा होते, जेव्हा कुणीतरी टेस्टवरचे आकडे खरे समजून लाइव्हचे निर्णय घ्यायला लागतं. मुंगेरीलालचा टेस्ट सर्व्हर दर भागात बंद पडायचा. कुणीतरी येऊन प्लगच काढायचं.

आणि मला वाटतं, या मालिकेचं सगळं मर्म त्या प्लग काढण्यात आहे.

आपण तिला हसतो ते स्वप्नांमुळे, असं वाटतं. पण नीट आठवून बघा, हसू फुटतं ते स्वप्न मोडतं तेव्हा. तो क्षण नसता तर ही मालिका विनोदी राहिलीच नसती. एक माणूस स्वतःला महान समजतो आणि त्याला कुणी हलवतच नाही, हे भागामागून भाग बघावं लागलं असतं तर आपण घाबरलो असतो.

योगायोग बघा. त्याच काळात, त्याच पडद्यावर, रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' चालू होतं. २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं ते १९९० च्या मध्यापर्यंत. म्हणजे एकाच टीव्हीवर, एकाच घरात, लोक मुंगेरीलाल आणि दुर्योधन दोघांनाही बघत होते. एकाला हसत होते, दुसऱ्याचा राग करत होते. आणि सोळाव्या अध्यायातले आजचे श्लोक वाचताना मला वाटतं, दोघांच्या डोक्यातलं भाषण फारसं वेगळं नाही. माझ्यासारखा कोण? याला संपवलं, आता त्याला संपवीन. शब्द तेच. मग एक करमणूक आणि दुसरा कुलक्षय, असं का?

फरक एवढाच, की मुंगेरीलाल उठायचा.

दुर्योधनाला उठवायला माणसं नव्हती असं नाही. विदुर होता. भीष्म-द्रोण होते. स्वतः श्रीकृष्ण शिष्टाईला आले, पाच गावांवर मिटवा म्हणाले. उद्योगपर्वात तर गांधारीला सभेत बोलावून मुलाला समजावायला लावलं, आणि तो आईचं बोलणं टाकून निघून गेला. उठवणारे सगळे होते, पण ज्याच्या हातात खरा प्लग होता, तो बाप गप्प बसला. धृतराष्ट्राला रात्री झोप येत नव्हती, म्हणून त्याने विदुराला बोलावून रात्रभर नीती ऐकली. सगळं ऐकलं, सगळं पटलंही, आणि सकाळी केलं काहीच नाही. बाप रात्रभर जागा, आणि मुलगा भर दिवसा झोपेत. मुंगेरीलालकडे सत्ता नव्हती, म्हणून त्याला हाक मारणाऱ्याचं ऐकावंच लागायचं. दुर्योधनाकडे होती, म्हणून त्याला ऐकावं लागलं नाही.

रघुवीर यादवांनी मुंगेरीलालच्या आधी 'मॅसी साहब' केला होता, प्रदीप कृष्ण यांचा चित्रपट. ब्रिटिश काळातला एक छोटा कारकून, जो स्वतःला साहेबच समजतो. त्याच्याही डोक्यात एक राज्य आहे, पण तिथे कुणी हलवून जागं करत नाही. गोष्ट खुनापर्यंत आणि शिक्षेपर्यंत जाते. तोच नट, जवळपास तशीच नजर, आणि दोन टोकांचे शेवट. एकाच्या गोष्टीत उठवणारं कुणी आहे, दुसऱ्याच्या गोष्टीत नाही.

आपण मात्र उठवणाऱ्यालाच खलनायक ठरवतो. मिटीची बायको वाचकांना खाष्ट वाटते. मुंगेरीलालच्या भोवतालची माणसं आपल्याला रुक्ष वाटतात. पण गाडी चालवताना मिटी विमान उडवायला लागला, म्हणून त्याची बायको ओरडते ती केवढ्या वेगाने चाललाय म्हणून! समोर खरा रस्ता आहे, शेजारी खरं माणूस बसलंय. कुणीतरी ते सांगायलाच हवं.

हे मला गेल्या काही वर्षांत फार जवळून दिसलं. कॉलेजातला एक मित्र. नाव सांगत नाही. चांगली नोकरी, हुशार डोकं, आणि शेअर बाजारात एफ अँड ओचा नाद लागला. सुरुवातीला काही सौदे बरोबर बसले. मग तो भेटला की आज काय मिळालं ते सांगायचा, आणि उद्या काय मिळणार तेही. दोन वर्षांनी नोकरी सोडायची, गावाकडे जागा घ्यायची, आणि हो, शाळेला एक खोली बांधून द्यायची. आजचे तीन श्लोक परत वाचा. दानासकट सगळं तिथे आहे. मला या श्लोकांतली सगळ्यात धारदार जागा तीच वाटते. गीतेने दान करायचा विचारसुद्धा मनोराज्याच्या आत बसवलाय. कारण न मिळालेल्या पैशातून केलेलं दान कधी कुणाच्या हातात पडत नाही, पण करणाऱ्याला पुण्यवान झाल्यासारखं मात्र वाटतं. आणि पुण्यवान वाटलं की माणूस थांबत नाही.

सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटलंय की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या दर १०० किरकोळ गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. हा आकडा मित्राला माहीत होता. त्याने तो मला एकदा स्वतःच ऐकवला होता, उरलेल्या सातांत आपण कसे आहोत हे सांगताना.

त्याला उठवलं त्याच्या बायकोने. आरडाओरडा नाही केला. एका रविवारी तिने खात्याची विवरणपत्रं छापून जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि दर महिन्याच्या शेवटच्या आकड्याखाली पेनने रेघ मारली. मग म्हणाली, "आता जेव, आणि मग मला हे समजावून सांग." तो दोन दिवस बोलला नाही. त्यानंतर मला फोन करून म्हणाला, "अरे, ती माझ्या बाजूचीच आहे हे कळायलाच मला दोन दिवस लागले." कर्ज फेडायला अजून वेळ लागेल. पण तो उठलाय. त्या रविवारी ती गप्प बसली असती, धृतराष्ट्रासारखी मनातून जागी आणि तोंडाने गप्प, तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

आपल्या पिढीची अडचण इथेच आहे. मुंगेरीलालला स्वप्नं स्वतः विणावी लागायची. आपल्याला ती आयती मिळतात, आपल्या मापाची शिवलेली, अंगठा सरकवला की पुढची. स्वप्न संपायच्या आत दुसरं सुरू. आणि ही व्यवस्था बनवणारे आमच्याच धंद्यातले लोक आहेत, म्हणून सांगतो : माणूस पडद्यावर किती वेळ टिकला, हे तिथे मोजलं जातं. आपल्याला हलवून जागं करणं त्या यंत्राच्या कामात बसत नाही. ते कधीच म्हणणार नाही, अहो, दूध उतू चाललंय. ते म्हणणारं माणूस घरात असतं, आणि त्याच्यावर आपण खेकसतो, "एक मिनिट थांब ना!"

मग काय, मनातलं जग पूर्ण बंदच करायचं? इथे मला माझी आजी मध्ये घ्यावी लागते.

आजीचे गुडघे गेल्यापासून वारी सुटली. तेव्हापासून ती मनाने वारी करायची. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघाली की तिचं रोजचं चालणं सुरू व्हायचं. संध्याकाळी जप झाला की सांगायची, "आज दिवेघाट चढले गं बाई," मग सासवड, जेजुरी, वाल्हे. लोणंदनंतर चांदोबाचा लिंब आला की तिच्या चेहऱ्यावर रिंगण दिसायचं. वाखरीपर्यंत असं चालायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा मुंगेरीलालच! खुर्चीवर बसून दोनशे-अडीचशे किलोमीटर.

पण त्या दिवसांत आजी कशी वागायची ते मला आठवतं. पाऊस आला की म्हणायची, "तिकडे लोकांच्या राहुट्या भिजत असतील." कामाला येणाऱ्या मावशींना आल्याआल्या आधी पाणी आणि मग काम. आणि मध्येच आईने हाक मारली, "अहो आई, औषध घ्यायचंय," तर लोणंद तिथेच सोडून ती हसत उठायची. तिच्या त्या वारीत ती कुठेतरी दिंडीच्या शेवटी, गर्दीत असायची. पुढे चालणारा वेगळाच कुणी होता.

तमिळ शैवांच्या 'पेरियपुराणम्'मध्ये पूसलार नायनारांची गोष्ट आहे. पैसा नव्हता म्हणून त्यांनी मनातच शिवाचं मंदिर बांधलं. वीट-वीट, मुहूर्त काढून. त्याच वेळी कांचीत पल्लव राजाने खरं दगडी मंदिर बांधलं, आणि कुंभाभिषेकाचा दिवस तोच निघाला. शिवाने राजाच्या स्वप्नात येऊन सांगितलं, तुझा दिवस पुढे ढकल, मला त्या दिवशी पूसलारच्या मंदिरात जायचंय. राजा शोधत गेला तेव्हा गावात मंदिर कुठेच नव्हतं.

मानसपूजेचं आणि मनोराज्याचं यंत्र एकच आहे, हे मान्य करायला हवं. डोळे मिटायचे आणि नसलेलं बघायचं. म्हणून आपण आपल्याच मनाला दोन साधे प्रश्न विचारू शकतो. एक, या चित्रात मधोमध कोण उभं आहे? मी, की ज्याची सेवा करायची तो? आणि दुसरा, हाक आली तेव्हा मी कसा उठतो? चिडून उठलो तर समजावं की राज्य चाललं होतं. आजीसारखं हसत उठता आलं, तर बहुधा पूजा चालली होती. पहिल्या प्रश्नाला मन खोटं उत्तर देऊ शकतं. दुसऱ्याला देता येत नाही, कारण तिथे साक्षीला दुसरं माणूस उभं असतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर हे सगळं उलट्या बाजूने वापरलं जाईल. उठवणं वेगळं आणि टिंगल करणं वेगळं. 'मुंगेरीलाल' हे नाव आज बहुतेक वेळा वरून खाली फेकलं जातं. साहेब ज्युनिअरला म्हणतो, श्रीमंत गरिबाला म्हणतो, आणि त्याचा अर्थ असतो, तुझी पायरी ओळख. तालुक्यातल्या मुलीने मोठ्या परीक्षेचा विचार केला की नातेवाईक हेच म्हणतात. याला उठवणं म्हणत नाहीत. उठवणारा खांद्याला हात लावतो आणि उठल्यावर पुढ्यात ताट ठेवतो. टिंगल करणारा हसून निघून जातो. मालिका करणाऱ्यांना हा फरक कळत होता असं मला ती पाहताना वाटतं. कॅमेरा मुंगेरीलालला हसतो, पण त्याला सोडून जात नाही. पुढच्या भागात पुन्हा त्याच्याच दारात येतो. म्हणूनच इतक्या वर्षांनी लोक त्याचं नाव घेताना हसतात, पण त्या हसण्यात माया असते.

विद्यारण्यांनी मनोराज्यावर उपायही सांगितलाय, आणि तो आपल्या परंपरेला ओळखीचा आहे : एकांत, आणि दीर्घकाळ प्रणवाचा उच्चार. आपल्याकडे त्यालाच नामस्मरण म्हणा. मन एका नावाशी परत परत आणून बांधायचं. म्हणजे बाहेरून कुणी हलवायच्या आत, आतूनच कुणीतरी हाक मारत राहील. पण ती आतली हाक ऐकू यायला लागेपर्यंत देव घरातल्या माणसांच्या आवाजात बोलतो, असं मानायला काय हरकत आहे?

आजचा अभ्यास छोटा आहे. आज दिवसभरात तुम्ही कशात तरी गुंतलेले असताना कुणीतरी हाक मारेल. आई, नवरा, बायको, मुलगी, रूममेट, शेजारच्या टेबलावरचा. पहिल्या हाकेला "आलो" किंवा "आले" म्हणून खरंच उठायचं. फोन पालथा ठेवून. तेवढंच. आणि रात्री झोपण्याआधी, तुम्हाला आयुष्यात एकदा तरी नीट हलवून जागं केलेल्या एका माणसाचं नाव मनात घ्यायचं आणि त्याला नमस्कार करायचा. त्याच्यावर तेव्हा चिडला असाल, तर दोनदा.

उद्या याच अध्यायातला सोळावा श्लोक घेऊ. या मनोराज्याचं शेवटी जाळं कसं होतं, ते तिथे आहे.

राम कृष्ण हरी.